सपाट दिसलं म्हणजे बांधता येतं असं नाही

भूगोलात एमए करून किंवा एम.प्लॅन होऊन पुण्यातल्या एखाद्या नियोजन सल्लागाराकडे लागलात, की लवकरच कुणीतरी म्हणणार, "तो लँडफॉर्मचा लेयर तेवढा करून टाक, दोन दिवसांचं तर काम आहे." दोन दिवसांचं नसतं. पण नव्या माणसाला हे तोंडावर सांगता येत नाही. मग तो डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा चौकटीचौकटींचा डिजिटल नकाशा, उतरवतो, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतार काढतो, पाच रंग भरतो आणि वर 'भूरूप नकाशा' (जमिनीचे माथा, पायथा असे प्रकार दाखवणारा) असं शीर्षक देतो. मीही हेच केलं होतं. तो लेयर पुढे बऱ्याच जणांच्या हातून गेला आणि कुणाला काही खटकलं नाही, याचीच मला नंतर जास्त धास्ती वाटली.

टोपोशीट, समोच्च रेषा, प्रोजेक्शन हे तुम्हाला येतं असं धरते. एक गोष्ट मात्र आधीच उरकून घेऊ. बांधकाम नियमावलीत 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला बंदी असते. 1:5 म्हणजे 20 टक्के, म्हणजे साधारण 11.3 अंश. सॉफ्टवेअर उतार बहुतेक वेळा अंशांत देतं. तिथं डोळे मिटून 20 टाकलेत, तर 36 टक्के उताराची टेकडीसुद्धा बांधण्याजोगी ठरते. तपासा आणि पुढे चला.

खरा फास हिरव्या रंगात आहे. शून्य ते पाच टक्के उतार, सगळा एकच हिरवा. पुण्याभोवती हा हिरवा तुकडा टेकडीचा माथा असू शकतो: खाली कठीण काळा पाषाण, वर वीतभर माती, पाऊस पडला की गवत आणि उन्हाळ्यात भुंडं. तोच हिरवा रंग टेकडीच्या मधल्या पायरीलाही मिळतो. आपला बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. कठीण थराचा कडा टिकतो, सच्छिद्र मांजऱ्या थर लवकर झिजतो, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. पायरीच्या आतल्या कडेला, दोन थरांच्या सांध्यावर, पावसाळ्यानंतर झरे पाझरतात. ही पायरी म्हणजे खालच्या वस्तीच्या विहिरींची पाणी मुरण्याची जागा. उताराच्या नकाशात यातलं काहीही दिसत नाही, दिसतो तो छान सपाट प्लॉट.

पायथ्याची गोष्ट आणखी फसवी. तिथला मंद उतार वरून घरंगळत आलेल्या दगडगोट्यांचा आणि मातीचा असतो. शेत पिकतं, रस्ता जवळ असतो, मागे डोंगर दिसतो, म्हणजे बिल्डरला हवं ते सगळं. पण हा माल सुटा आहे. त्याचा पाय कापला आणि वरून पाणी मुरलं की तो सरकू शकतो. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं, तेव्हा मुसळधार पावसात भिजलेलं उतारावरचं माती-मुरुमाचं आवरणच खाली आलं होतं. प्रत्येक पायथा माळीण नसतो, घाबरवायला सांगत नाही. पण पायथा आणि माथा एकाच रंगात रंगवलेला नकाशा मी आता कुणाच्या हातात देणार नाही.

चौथा हिरवा तुकडा नदी-ओढ्याकाठचा. मुळा-मुठेला निळी आणि लाल पूररेषा आहे, अनुक्रमे 25 आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नवखा माणूस त्या लेयरवर विसंबतो आणि ओढे विसरतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री लोकांचे जीव घेतले ते आंबील ओढ्यानं. कात्रजच्या डोंगरातून उतरणारा हा ओढा, पेशवाईत वळवलेला आणि नंतर दोन्ही बाजूंनी आवळलेला. 30 मीटर बाजूच्या चौकटींच्या डीईएममध्ये असा ओढा एका पिक्सेलपेक्षाही अरुंद असतो, म्हणजे जवळजवळ नसतोच.

म्हणून नकाशावरच्या प्रत्येक तुकड्यापुढे, म्हणजे पॉलिगॉनपुढे, उताराखेरीज आणखी तीन रकाने ठेवा: जागा कशाची आहे, कशी तयार झाली, आणि आज तिथं काय चालू आहे, म्हणजे झीज, भर, पाझर की पूर. भूवापर या रकान्यांवरून ठरवा. माथ्यावर गवत-झाडी, पायरीवर पाणी मुरवणं, पायथ्याला उतार उभा न कापता शेती-फळबाग, पूरमैदानात शेती किंवा मोकळं मैदान. एवढं ठरलं, की घरं कुठं घालायची हा प्रश्न बराच सोपा होतो.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. जिओमॉर्फॉनसारखी साधनं भूरूपांचे दहा प्रकार झटक्यात पाडून देतात. सुरुवातीला वापरा, अंतिम म्हणून नको. मोशी-वाघोलीच्या खाणीचा खड्डा त्यांना दरी किंवा नैसर्गिक खळगा वाटतो. त्यापेक्षा एसआरटीएमची, म्हणजे अंतराळयानातून रडारनं मोजलेली, उंची बघा. ती फेब्रुवारी 2000 मधली आहे, म्हणजे बाणेर-बालेवाडीत आजची भर पडायच्या आधीची. जुनी टोपोशीट शेजारी ठेवली की बुजवलेले ओढे सापडतात. आणि विहिरीत डोकवा. कडेला माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण असा क्रम डोळ्यांनी दिसतो. बोअरवाल्याला विचारलंत तर मुरूम किती फूट ते तो तोंडपाठ सांगतो. ऑफिसात बसून फक्त लेजेंडचे रंग दुरुस्त करणाऱ्या साहेबापेक्षा तो चांगला गुरू, असं मी तरी मानते.

विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचनांच्या सुनावणीत मात्र जपून. शेतकरी गट नंबर घेऊन येतो आणि विचारतो, रेषा माझ्या बांधावरूनच का? 1:50,000 च्या शीटवर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर 25 मीटर जाड असते. समोच्च अंतर 20 मीटर, त्याहून बुटका उंचवटा दिसेलच असं नाही. एवढ्या नकाशावर एका गटाचा निकाल लावू नका, जागेवर जाऊन बघा. हे उघड सांगितलं म्हणून तुमची किंमत कमी होत नाही. बहुतेक लोक उलट शांत होतात.

हात बसवायला वेताळ टेकडी पुरे आहे. पाऊस संपता संपता माथ्यावरून पाषाणकडे उतरा आणि माथा, पायरी, पायथा, ओढा कुठं बदलतात ते छापील नकाशावर पेन्सिलीनं काढा. सीमा ठरत नसेल तिथं तुटक रेषा काढा. ऑफिसात ती तुटक रेषा अखंड करायला सांगतील. करू नका.