चित्रं आणि घरं बघायला गोव्यात येताय? मग ही तयारी करा

आधी तारखा पक्क्या करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डिसेंबरच्या मध्यावर पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो, २०१६ पासून. प्रवेश मोफत असतो, पण नाव आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं आणि कार्यशाळा भराभर भरतात. त्या दिवसांत खोल्यांचे दर अंगावर येतात. माझं विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये या. चित्रासमोर हवं तितका वेळ उभं राहता येतं, मागून कुणी सेल्फीसाठी ढकलत नाही. फक्त घडीची छत्री आणू नका, पहिल्याच वाऱ्यात उलटेल, रेनकोट आणा.

रेल्वेनं येणार असाल तर तिकीट करमळीचं काढा, पणजीला तेच जवळ.

खोली निवडताना घाई नको. पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत जुन्या घरांची लहान हॉटेलं झाली आहेत. पंजिम इन हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. वेबसाइटवरचे फोटो सगळीकडे सुंदरच असतात, म्हणून फोन करून विचारा: खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? जुन्या घरांचे लाकडी जिने उभे असतात आणि पलंग इतके उंच, की आजींना चढायला स्टूल लागेल. खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या चौकात, हेही विचारा. रस्त्याकडची असेल तर सकाळी पाववाल्याच्या भोंग्यानं जाग येईल. मला आवडतं, तुमचं तुम्ही ठरवा. आणि गल्लीत फोटो काढण्याआधी दारावरची पाटी वाचा. लोक तिथे राहतात, आणि प्री-वेडिंगवाल्यांना पुरते कंटाळलेत.

कार्यक्रम मांडवी नदीच्या दोन काठांनुसार आखा. पणजीच्या बाजूचं बरंचसं पायी होतं: आल्तिनोच्या टेकडीवर सुनापरांत हे कलाकेंद्र, खाली मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या निळ्या फरशांवरची चित्रं. टेकडी चढायची आहे, तेव्हा रबरी तळव्याचे बूट घाला. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात, त्यात चिडण्यासारखं काही नाही; तुम्हीही जेवून आडवे व्हा.

कांपालची कला अकादमी मात्र संध्याकाळसाठी राखून ठेवा. इमारतीची रचना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. नदीकडे जाणारा माणूस आत न शिरताही तिच्या पोटातून आरपार जातो, इतकी ती मोकळी आहे. आतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी प्रेक्षकच रंगवलेत, सज्जांत बसलेले. दिवे मालवेपर्यंत मान वळवून बघत राहावं असे. नाट्यगृह एरवी उघडं मिळेलच असं नाही, म्हणून येण्याआधी कार्यक्रमांची यादी बघा आणि मराठी नाटक किंवा गाण्याची मैफल असेल त्याच दिवशी पणजीत मुक्काम ठेवा.

पलीकडच्या काठासाठी दिवसभराची गाडी ठरवा, भाव आधी पक्का करून. तोर्ड्याला वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हांचं ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय आहे, रस्त्याच्या मधोमध जहाजासारखं उभं, चिऱ्यात बांधलेलं. आत जुन्या घरांची दारं, कठडे, शिंपल्यांची तावदानं. ती नीट बघितलीत की परतताना प्रत्येक गावात गाडी थांबवावीशी वाटेल, तेवढा वेळ हातात ठेवा. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या रांगेतच, सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा २०१५ पासून आहे. डॉक्टरकी सोडून चित्रकार झालेला हा माणूस. समुद्र त्यांच्या कामात पुन्हापुन्हा येतो. सुट्टीचा वार दोन्हीकडे फोन करून विचारा.

घराच्या दारावर लावायला नावाची रंगीत फरशी करून हवी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी नको. आणि ती हातातल्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळूनच न्या.