ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची जुनी विजेतेपदे आणि खेळाडू: नोंदी कशा वाचाव्यात

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधला पहिला विजेता संघ कोणता, असे विचारले तर तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनच्या नोंदीप्रमाणे १८७७चा विजेता कार्लटन आहे. त्याच वर्षी साउथ ऑस्ट्रेलियन असोसिएशनचे विजेतेपद साउथ ॲडलेड आणि व्हिक्टोरियन या दोन क्लबांनी वाटून घेतले. आणि आजच्या एएफएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या, अधिकृत यादीची सुरुवात १८९७च्या एसेंडनपासून होते. या खेळाचा जुना इतिहास चाळू पाहणाऱ्या मराठी वाचकाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. तो टाळायचा असेल तर ‘कोण जिंकले’ हे विचारण्याआधी ‘कोणत्या संस्थेच्या स्पर्धेत आणि त्या वर्षीच्या कोणत्या नियमाने’ हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. पुढचे सारे विवेचन या एका सवयीभोवती फिरते.

पार्श्वभूमी थोडक्यात पुरेशी आहे. जुलै १८५८मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका क्रीडापत्राला पत्र लिहून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर तयार राहावे म्हणून फुटबॉल क्लब काढावा, अशी सूचना केली. पुढच्या वर्षी मे महिन्यात मेलबर्न क्लबसाठी विल्स, हॅमर्स्ली, थॉम्पसन आणि स्मिथ या चौघांनी दहा नियम लिहून काढले. १८६०च्या दशकात आव्हान चषकांसाठी सामने होत असत. पण ठरलेल्या संस्थेने चालवलेली हंगामभराची स्पर्धा १८७७पासूनच मिळते आणि अभ्यासाची सुरुवात तिथूनच करणे सोयीचे आहे.

पहिले काम संस्था वेगळ्या करण्याचे. १८७७ ते १८९६ या काळात मेलबर्न आणि जीलाँगचे मोठे क्लब व्हीएफएमध्ये, म्हणजे व्हिक्टोरियन असोसिएशनमध्ये खेळत. १८९६च्या हंगामाअखेरीस त्यांपैकी सहा क्लबांनी वेगळे होऊन व्हिक्टोरियन फुटबॉल लीग (हीच पुढे एएफएल झाली) काढली आणि कार्लटन व सेंट किल्डा यांनाही बोलावून घेतले, त्यामुळे १८९७च्या लीगमध्ये आठ संघ दिसतात. असोसिएशन मात्र बंद पडली नाही. म्हणून १८९७नंतर एकाच शहरात दरवर्षी दोन विजेते आढळतात: १८९७मध्ये लीगचा एसेंडन आणि असोसिएशनचा पोर्ट मेलबर्न, तर १८९८मध्ये लीगचा फिट्झरॉय आणि असोसिएशनचा फुटस्क्रे. रिचमंडने १९०२मध्ये विजेतेपद मिळवले असे कुठे वाचले तर ते असोसिएशनचे समजावे, कारण हा क्लब लीगमध्ये १९०८मध्ये आला आणि तिथले पहिले विजेतेपद त्याला १९२०मध्ये मिळाले. त्याचप्रमाणे जीलाँगने १८७८ ते १८८६ या नऊ वर्षांत मिळवलेली सात विजेतेपदे एएफएलच्या मोजणीत धरली जात नाहीत. हा जीलाँगवर अन्याय आहे असे माझे मत असले, तरी नोंद करताना आपले मत बाजूला ठेवून ती सात वेगळ्या रकान्यात लिहावीत हेच बरे.

क्लबांची नावेही जपून वाचावीत. साउथ मेलबर्न हा क्लब १९८२मध्ये सिडनीला गेला आणि आज स्वान्स म्हणून ओळखला जातो. फिट्झरॉय क्लब १९९६च्या हंगामानंतर ब्रिस्बेनशी झालेल्या विलीनीकरणात गेला, आणि फुटस्क्रेला आज वेस्टर्न बुलडॉग्ज म्हणतात. आजच्या नावाने जुनी वर्तमानपत्रे शोधली तर हाती काहीच लागत नाही.

दुसरे काम धावफलक वाचण्याचे, आणि खरी गंमत इथे आहे. या खेळात मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने गेलेला चेंडू म्हणजे गोल आणि बाजूच्या आखूड खांबाच्या आतून गेलेला म्हणजे बिहाइंड. ‘३.९’ असे छापलेले दिसले तर तो दशांश अपूर्णांक नसून तीन गोल आणि नऊ बिहाइंड असा त्याचा अर्थ असतो. १८९७पासून लीगने गोलला सहा आणि बिहाइंडला एक गुण ठरवला, म्हणून ३.९ म्हणजे २७ गुण. त्याआधी व्हिक्टोरियात बिहाइंड छापले जात, पण निकाल फक्त गोलांवर लागत असे. ४ सप्टेंबर १८८६ रोजी जीलाँग आणि साउथ मेलबर्न हे तोवर अपराजित असलेले दोन संघ भिडले आणि जीलाँगने ४.१९ विरुद्ध १.५ असा विजय मिळवला. आज तो फरक प्रचंड वाटतो, पण त्या दिवशीचा अधिकृत निकाल चार गोल विरुद्ध एक गोल एवढाच होता, आणि ते एकोणीस बिहाइंड वर्तमानपत्राच्या छपाईपलीकडे कशाच्याही कामाचे नव्हते. १८९७पूर्वीच्या सामन्यापुढे कुणी कंसात एकूण गुण लिहिलेले दिसले तर ते मागाहून कुणीतरी जोडलेले आहेत असे समजून ते आपल्या वहीत उतरवू नयेत.

हा नियम बदलल्याचे परिणाम लवकरच दिसले. १८९९च्या अंतिम सामन्यात फिट्झरॉयने साउथ मेलबर्नला ३.९ (२७) विरुद्ध ३.८ (२६) असे एका गुणाने हरवले. गोल दोघांचेही तीनच होते, म्हणजे चारच वर्षांपूर्वीच्या नियमाने हा सामना बरोबरीत सुटला असता. १९०९मध्ये हेच साउथ मेलबर्नच्या पथ्यावर पडले: कार्लटनविरुद्ध ४.१४ (३८) आणि ४.१२ (३६). अशा प्रत्येक सामन्यापुढे ‘गोल समान’ अशी खूण करून ठेवली तर नियमांचा इतिहास आपोआप डोळ्यांपुढे उभा राहतो.

तिसरे काम विजेता कसा ठरला हे पाहण्याचे. व्हीएफएच्या सुरुवातीच्या वर्षांत सगळे संघ सारखे सामने खेळत नसत, आणि बलाढ्य संघ दुबळ्या संघांविरुद्ध खेळताना प्रतिस्पर्ध्यांना जास्तीचे खेळाडू देत; त्यामुळे तेव्हाचे विजेतेपद म्हणजे हंगामाच्या एकूण कामगिरीवरून सर्वमान्य झालेला निष्कर्ष होता. ग्रँड फायनल शोधत बसू नये, ती तेव्हा नव्हतीच. दोन संघ वरच्या स्थानावर समसमान राहिले तरच निर्णायक सामना खेळवला जाई. ॲडलेडमध्ये १८८९मध्ये नॉरवूड आणि पोर्ट ॲडलेड असे समान राहिले आणि नॉरवूडने ७.४ विरुद्ध ५.९ असा विजय मिळवला. या खेळातली पहिली ग्रँड फायनल म्हणून याच सामन्याचे नाव घेतात. मेलबर्नमध्ये १८९६मध्ये कॉलिंगवूडने साउथ मेलबर्नला अशाच निर्णायक सामन्यात ६.९ विरुद्ध ५.१० असे, म्हणजे एका गोलने, हरवले.

लीगची पहिली वर्षे याहून गुंतागुंतीची आहेत. १८९७मध्ये वरच्या चार संघांनी आपसांत एकेक सामना खेळायचा होता. एसेंडनने तिन्ही जिंकल्यामुळे वेगळ्या अंतिम सामन्याची गरजच उरली नाही. त्या तिसऱ्या सामन्यात एसेंडनने मेलबर्नला १.८ (१४) विरुद्ध ०.८ (८) असे हरवले, म्हणजे दोन्ही संघांत मिळून गोल एकच झाला. १८९८ ते १९००मध्ये मुख्य फेऱ्यांनंतर आठही संघांचे दोन गट पाडून पुन्हा सामने होत, आणि याच पद्धतीमुळे १९००मध्ये मुख्य फेऱ्यांत सहाव्या क्रमांकावर असलेला मेलबर्न क्लब विजेता झाला. अंतिम सामन्यात त्याने फिट्झरॉयला ४.१० (३४) विरुद्ध ३.१२ (३०) असे हरवले. सहाव्या क्रमांकाचा संघ विजेता झाल्यावर पद्धत बदलणार हे उघडच होते. १९०१पासून फक्त पहिले चार संघ पुढे जाऊ लागले आणि १९०२पासून गुणतक्त्यातल्या अव्वल संघाला आव्हानाचा हक्क मिळाला, म्हणजे तो मधेच हरला तरी शेवटी एक सामना मागू शकत असे. कॉलिंगवूडने त्याच वर्षी हा हक्क वापरला: उपांत्य सामना हरूनही त्यांनी ग्रँड फायनल मागितली आणि एसेंडनला ९.६ (६०) विरुद्ध ३.९ (२७) असे हरवून विजेतेपद घेतले.

राज्याबाहेरच्या सामन्यांसाठी एक स्वतंत्र पान राखावे. १८८८मध्ये नॉरवूडने साउथ मेलबर्नला ॲडलेडमध्ये सलग तीन सामन्यांत हरवून ‘ऑस्ट्रेलियाचे विजेते’ हे बिरुद मिळवले आणि १८९०मध्ये पोर्ट ॲडलेडने त्याच साउथ मेलबर्नला हरवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा सामन्यांत ॲडलेडचे संघ बहुतेक वेळा सरस ठरले, हे फक्त मेलबर्नच्या याद्या वाचणाऱ्याच्या कधीच लक्षात येत नाही.

आता मूळ साधनांकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि ‘द आर्गस’, ‘द एज’, ‘द ऑस्ट्रेलेशियन’ यांसारख्या पत्रांचे जुने अंक त्यावर घरबसल्या वाचता येतात. सामने शनिवारी होत, म्हणून दैनिकात सोमवारचा अंक आणि साप्ताहिकात पुढच्या शनिवारचा अंक उघडावा. पानाच्या चित्राशेजारी यंत्राने ओळखलेला मजकूर दिसतो, त्यावर विसंबून राहू नये. झिजलेल्या टायपामुळे यंत्र अक्षरांची अदलाबदल करते, आणि धावफलकातल्या तीनचा आठ झाला तर सामन्याचा निकालच फिरतो. आकडा नेहमी चित्रावरूनच घ्यावा. नावाने शोधून काही सापडले नाही तर विरोधी क्लबाचे किंवा मैदानाचे नाव आणि तारीख देऊन शोधावे, असे केल्यास बहुधा काम होते. शनिवारच्या सकाळी छापलेली यादी निवडलेल्या खेळाडूंची असते, प्रत्यक्ष खेळलेल्यांची नव्हे, हे विसरू नये.

आणि एका अंकावर थांबू नये. सेंट किल्डा लीगमधले पहिले ४८ सामने ओळीने हरला. १९००च्या पहिल्या फेरीत मेलबर्नशी त्याची बरोबरी झाली. पण मेलबर्नचा एक बिहाइंड तिसरे सत्र संपल्याची घंटा झाल्यावर झाला होता, अशी तक्रार सेंट किल्डाने केली, ती मान्य झाली आणि क्लबाला पहिला विजय कागदावर एका गुणाने मिळाला. सोमवारचाच अंक वाचणारा इथे ‘बरोबरी’ लिहून मोकळा होईल.

खेळाडू ओळखणे हे सर्वांत चिकाटीचे काम. बातम्यांत बहुधा नुसते आडनाव असते, भाऊ-भाऊ एकाच संघात असत, आणि लीगमध्ये जर्सीवर क्रमांक १९१२मध्ये आले, त्यामुळे त्याआधीची छायाचित्रे क्रमांकावरून ओळखता येत नाहीत. अशा वेळी तोच माणूस दुसऱ्या कोणत्या खेळात दिसतो का ते पाहावे, आणि इथे क्रिकेटचे आपले वाचन उपयोगी पडते. कार्लटनचा जॉर्ज कुल्टहार्ड हा आपल्या काळातला आघाडीचा फुटबॉलपटू. तोच १८७९मध्ये मेलबर्नच्या कसोटीत पंच होता आणि पुढे १८८२मध्ये एक कसोटी खेळलाही. फेब्रुवारी १८७९मध्ये सिडनीत त्याने बिली मर्डोकला धावबाद दिल्यावर प्रेक्षक मैदानात घुसले, त्या दंगलीत इंग्लंडचा कर्णधार लॉर्ड हॅरिस याला मार बसला. हा हॅरिस पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची. कुल्टहार्ड क्षयाने १८८३मध्ये, तिशीही न गाठता, वारला. जॅक वॉरलचेही असेच: फिट्झरॉयचा कर्णधार, ऑस्ट्रेलियाकडून अकरा कसोटी, आणि नंतर कार्लटनला १९०६ ते १९०८ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवून देणारा प्रशिक्षक. क्रिकेटच्या नोंदी नीट जपलेल्या असल्याने अशा माणसाचे पूर्ण नाव आणि जन्ममृत्यूची वर्षे तिथून मिळतात.

संगणकावरच्या तयार आकडेवारीत एक मोठी उणीव आहे: ती बहुधा १८९७पासून सुरू होते. एसेंडनचा आल्बर्ट थर्गूड हे याचे ठळक उदाहरण. १८९२, १८९३ आणि १८९४ या तीन हंगामांत त्याने अनुक्रमे ५६, ६४ आणि ६३ गोल केले आणि तिन्ही वर्षे एसेंडन विजेता होता. पुढे तो पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलकडून खेळला. लीगच्या नोंदींत तो १८९९पासून येतो आणि बऱ्यापैकी चांगला खेळाडू वाटतो, इतकेच. १८९७मध्ये जीलाँगच्या एडी जेम्सने मुख्य फेऱ्यांत २२ गोल करून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला होता, त्याशेजारी थर्गूडचे ६४ ठेवून पाहिले म्हणजे त्याला ‘आल्बर्ट द ग्रेट’ का म्हणत ते कळते. १८९९मध्ये त्याने चेंडू जमिनीवर ठेवून मारलेली किक १०७ यार्ड, २ फूट, १ इंच, म्हणजे साधारण ९८ मीटर गेल्याची नोंद आहे.

वैयक्तिक सन्मानांबाबतही हेच तारतम्य ठेवावे. एकोणिसाव्या शतकातले ‘चॅम्पियन ऑफ द कॉलनी’ हे बिरुद वर्तमानपत्रांतले समीक्षक देत, त्यामागे मतदान नव्हते. मतांवर आधारलेली पदके वेगळी लिहावीत: दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मॅगरी पदक १८९८मध्ये नॉरवूडच्या आल्बी ग्रीनला मिळाले, तर व्हिक्टोरियाचे ब्राउनलो पदक १९२४मध्ये सुरू झाले. ज्याच्या नावाने ते दिले जाते तो चार्ल्स ब्राउनलो जीलाँगच्या १८८०च्या दशकातल्या त्या विजेत्या संघांतलाच, आणि पहिले पदकही जीलाँगच्याच एडवर्ड ग्रीव्हजला मिळाले. त्याला ‘कार्जी’ म्हणत. हे नाव एका संगीत नाटकातल्या हिंदी राजाच्या पात्रावरून पडले होते, त्यामुळे यादीत ‘कार्जी’ आणि ‘एडवर्ड’ असे दोन ग्रीव्हज दिसले तर ते एकच समजावेत.

नोंदवहीत प्रत्येक वर्षासाठी संस्था, विजेता, विजेता ठरवण्याची पद्धत, निर्णायक सामना झाला असल्यास त्याची तारीख, गोल आणि बिहाइंड स्वतंत्र, आणि कोणत्या अंकावरून घेतले ते, इतके रकाने आखावेत. संघातील खेळाडूंची संख्याही एका कोपऱ्यात लिहावी, कारण लीगमध्ये ती १८९९मध्ये वीसवरून अठरावर आली आणि त्याआधीच्या यादीत वीस नावे दिसली म्हणजे दोन राखीव असावेत, असा चुकीचा तर्क सहज होतो.