परदेशी निघताना फोनची बांधाबांध

बडोद्यातल्या मराठी घरांत परदेशवारीची तयारी लोणच्याच्या बरणीपासून सुरू होते. झाकणाला टेपचे किती वेढे द्यायचे, भाकरवडी हातातल्या बॅगेत की मोठ्या, यावर चार दिवस खल चालतो. फोनचं नाव निघतं ते एक्स्प्रेसवेवर, अहमदाबाद विमानतळ तासाभरावर आल्यावर. मग रात्री अकरा वाजता गाडीतल्या सगळ्यात लहान पोराच्या हातात फोन दिला जातो आणि "बघ रे, रोमिंगचं काहीतरी कर," असं फर्मान सुटतं. पोरगं 'काहीतरी' करतं. बिल महिन्याभराने येतं.

आमच्या दांडिया बाजारातले लोक हल्ली निघायच्या आठवडाभर आधी फोन घेऊन माझ्याकडे येतात. मी फोनमधला जाणकार नाही, एकदा पोळलेला माणूस आहे. मुलीकडे टोरांटोला गेलो होतो. रोमिंगचा पॅक घेतला होता, पण फक्त कॅनडाचा. एक दिवस नायगारा बघायला गेलो. मधे फक्त नदीची घळ, पलीकडे अमेरिका. बोटीत चढताना लाल प्लास्टिकचा झगा अंगावर चढवला, व्हिडिओ काढून काढून फोन झग्याच्या आत खिशात ठेवला आणि धबधब्याचं पाणी तोंडावर घेत उभा राहिलो. फोन मात्र खिशात बसून काम करत होता. पलीकडच्या किनाऱ्यावरचा टॉवर त्याला जास्त जोरात दिसला, त्याने तो धरला आणि सगळे व्हिडिओ एकेक करून वर चढवायला घेतले. संध्याकाळी हॉटेलात 'वेलकम टू यूएसए' असा मेसेज दिसला. बायको म्हणाली, "बघा, व्हिसा न काढता अमेरिकेला जाऊन आलो!" खूप हसलो. बिल आलं सत्तावीस हजारांच्या वर, आणि आलं धाकट्या भावाकडे, कारण घरातले पाचही नंबर त्याच्या नावच्या फॅमिली प्लॅनमध्ये.

म्हणून पहिलं काम फोनला हातही न लावता करायचं. बिल कोणाच्या नावावर येतं, ते बघा, आणि जादा आकार आला तर तो कोण भरणार, हे निघण्याआधी तोंडाने बोलून घ्या. अवघड वाटतं, पण नंतर जास्त अवघड असतं. माझ्या भावाने "राहू दे दादा, भरून टाकतो," म्हटलं. पण त्याच्या बायकोने काहीच म्हटलं नाही, आणि ते मला जास्त ऐकू आलं. मुलाने आग्रहाने बोलावलं असेल तर "तिकडचा फोनखर्च माझा" हे त्यालाच म्हणू द्या. ऑफिसच्या कामाला जात असाल तर साहेबांच्या तोंडी "हो हो, देऊ" वर निघू नका. पॅक कोणता, मर्यादा किती, वरचे पैसे कोणाचे, याचा दोन ओळींचा ईमेल मागून घ्या. टूरवाल्याच्या पत्रकात 'सिम कार्ड समाविष्ट' असेल तर त्यात डेटा किती आणि कोणत्या देशांत, हे विचारा. युरोपच्या टूरमध्ये हमखास फसगत होते ती स्वित्झर्लंडला. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालतं, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. जर्मनीत घेतलेलं कार्ड तिथे चालेलच, आणि त्याच दराने चालेल, असं गृहीत धरू नका.

आमच्या पिढीला खरं तर रोमिंगची धास्ती नवी नाही. पुण्याला लग्नाला निघालो की वापी मागे पडताच फोनवर महाराष्ट्राचं स्वागत यायचं आणि वडील तत्परतेने फोन बंद करून खिशात टाकायचे. इनकमिंगलाही पैसे पडायचे ना! १५ जून २०१५ ला बीएसएनएलने देशातल्या रोमिंगवर इनकमिंग फुकट केलं, पुढे बाकीच्यांनीही हात सैल केला आणि आपण ती सवय विसरलो. सीमा ओलांडली की फोन बंद करायचा, ही वडिलांची रीत नायगाऱ्यावर मला सत्तावीस हजार वाचवून देती.

दुसरं काम, पोस्टपेड असाल तर जाण्यापुरतं प्रीपेड होता येतं का, ते बघा. रोमिंगमध्ये मीटर परक्याच्या घरी फिरतो आणि बिल आपल्या घरी येतं. तिथली कंपनी वापर नोंदवते, तो आपल्या कंपनीकडे पाठवते, आपली कंपनी त्यावर आपला दर लावते. पॅक नसेल, किंवा असून त्या देशाचा नसेल, तर हा दर एमबीवर मोजला जातो. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी. पाच मिनिटांचा एक व्हिडिओ सहज काही शे एमबी होतो. एमबीला पन्नास रुपये धरले तरी गुणाकार घरी करून बघा. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की गाडी थांबते. पोस्टपेडमध्ये थांबवणारा कोणीतरी लागतो.

तो थांबवणारा म्हणजे क्रेडिट लिमिट, उधारीवर किती वापरू देणार याची मर्यादा. पोस्टपेड ग्राहकाला त्याची मर्यादा आधी सांगावी आणि वापर तिच्या ८० टक्क्यांवर गेला की कळवावं, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, निर्देश २००५ पासून आहे. आपली मर्यादा किती हे शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसतं, मलाही नव्हतं. ग्राहकसेवेला लेखी विचारा, ती कमी करून घ्या आणि उत्तर जपून ठेवा. पुढे भांडायची वेळ आली तर हाच कागद कामाचा.

तिसरं, पॅक. इथे घाई करू नका. पॅकच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं ते सोडा, यादी वाचा. विमान दुबईला किंवा दोह्याला बदलणार असेल तर तो देश यादीत आहे का? तीन तासांच्या मुक्कामात 'पोचलो गं' म्हणायला व्हॉट्सअॅप उघडलं जातंच. जायचं ठिकाण सीमेलगत असेल तर शेजारचा देशही यादीत हवा. पॅकचा 'एक दिवस' कशाला म्हणतात, चोवीस तासांना की तारखेला, आणि तारीख कुठली, इथली की तिथली? पॅक पैसे भरल्या क्षणी सुरू होतो की तिथला टॉवर धरल्यावर? पॅक तिथल्या सगळ्या कंपन्यांवर चालतो की एक-दोनच? एक-दोनच असतील तर त्यांची नावं लिहून घ्या आणि तिथे पोचल्यावर फोनला नेटवर्क आपोआप निवडू देऊ नका, हाताने निवडा. नायगाऱ्याच्या खिशातला फोन एवढ्या एका गोष्टीने वाचला असता. क्रूझवर जाणार असाल तर बोटीवरचं आणि विमानातलं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि देशाच्या पॅकमध्ये ते बहुधा बसत नाही. तिथे फोन फ्लाइट मोडवर ठेवायचा.

चौथं काम हँडसेटचं. बडोद्यात निम्मे आयफोन भाचेमंडळींनी अमेरिकेतून आणलेले. तिथे विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या मॉडेलांना सिमचा खण नाही, फक्त ई-सिम (कार्डाविना, फोनमध्येच भरायचं सिम) चालतं. म्हणजे तिकडे जाऊन मुलगा नवा फोन हातात देईल आणि तुमचं बडोद्याचं कार्ड त्यात घालायला जागाच नसेल. त्या फोनची आशा असेल तर भारतीय नंबर ई-सिमवर कसा न्यायचा, ते इथे असतानाच कंपनीच्या दुकानात समजून घ्या. तिकडचं किंवा प्रवासी ई-सिम घ्यायचं असेल तर आपला फोन ते घेतो का, हे आधी तपासा: *#०६# डायल केलं की आयएमईआय या फोनच्या ओळखक्रमांकाच्या जोडीला ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला, तर घेतो. आणि हप्त्यांवर घेतलेला फोन एखाद्या कंपनीला बांधलेला नाही ना, हेही मुलाला विचारा.

मग सेटिंग्ज. इथे मी पोरांवर विसंबत नाही, चष्मा लावून स्वतः बसतो. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद. सिम बंद करायचं नाही, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, पाठवायला पडतात. दोन सिम असतील तर एकाची रेंज गेल्यावर फोन गुपचूप दुसऱ्याचा डेटा वापरायला घेतो, ती सोय बंद. आयफोनमध्ये वाय-फाय असिस्ट नावाचा आगाऊपणा आहे. वाय-फाय मंद वाटलं की तो मोबाइल डेटावर उडी मारतो. रोमिंगमध्ये तो गप्प बसतो, पण तिकडचं सिम घातलंत तर नाही. बंद. त्याच फोनात सिम बदललं की आयमेसेज ही आयफोनची निरोपांची सोय चालू करण्यासाठी आपल्याला न दिसणारा एसएमएस परदेशी जातो, तेही निघण्याआधी बघा. व्हॉट्सअॅपमध्ये 'रोमिंगमध्ये असताना' असा वेगळा रकाना आहे, त्यातल्या फोटो-व्हिडिओच्या सगळ्या खुणा काढा. नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे फुलांचे फोटो डॉलरच्या भावाने उतरतील. फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर. माझा मोबाइल डेटावरही चालू होता. ही चूक कंपनीची नव्हती, माझी होती, आणि पुढच्या भांडणात मी ती लपवली नाही.

कॉल फॉरवर्डिंग हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. कोणी बडोद्याहून फोन केला आणि तुम्ही झोपेत उचलला नाही, तर फोन आधी परदेशी जातो आणि तिथून वळवलेल्या नंबरवर परत भारतात येतो. दोन्ही फेऱ्यांचे पैसे तुमच्या माथी पडू शकतात. ##००२# डायल केलं की सगळी वळणं पुसली जातात. आणि नातेवाइकांना सांगून ठेवा की साधा फोन करू नका, व्हॉट्सअॅपवर करा. एरवी खंडेराव मार्केटातून "भाजी काय आणू?" विचारायला वहिनीचा फोन तिकडच्या पहाटे तीनला येतो आणि आपण उचलतो.

विमानात बसल्यावर फ्लाइट मोड. उतरल्यावर आधी विमानतळाचं वाय-फाय, मग पॅक सुरू झाल्याचा मेसेज बघून मगच डेटा. प्रत्येक देशाच्या स्वागताच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढा. रोज रात्री कंपनीच्या अॅपमध्ये वापर बघा, पण त्यावर पूर्ण भरवसा नको. तिथली नोंद इकडे यायला कधी वेळ लागतो. परतल्यावर पुढची दोन बिलं नीट वाचा.

इतकं करूनही बिल फुगलंच तर? घाबरून भरू नका आणि रागाने थांबवूही नका. वाद नाही तेवढी रक्कम भरा, उरलेली वादातली आहे असं लेखी कळवा, नाहीतर नंबर तुटतो आणि ओटीपीही जातात. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, निकाल ३९ दिवसांत अपेक्षित. थेट ट्रायला लिहून वेळ घालवू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. मदतीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही. "टेलिफोनची भांडणं ग्राहक आयोगात चालत नाहीत," असं कोणी सांगितलं तर त्याला अहमदाबादच्या एका ग्राहकाचं प्रकरण सांगा. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या त्या माणसाला २०१३ साली एका महिन्याचे २४,६०९ रुपये ५१ पैसे लावले गेले. तो ग्राहक मंचात गेला, कंपनीने अधिकारक्षेत्राचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला न्यायालयाने सांगितलं की ग्राहकाला तिथे दाद मागता येते. आठ-नऊ वर्षं गेली, हेही खरं.

माझं प्रकरण अपिलातच मिटलं. माझं म्हणणं साधं होतं. बॅकअप चालू ठेवला ती माझी चूक, तेवढं मी भरतो. पण मर्यादा ओलांडल्यावर एकही मेसेज न पाठवता तुम्ही मीटर फिरू दिलात. तो थांबवायची कळ तुमच्या हातात होती, माझ्या नाही. ज्याच्या हातात कळ, त्याने वरचे भरावेत. आधी "वापर खरा आहे" एवढंच उत्तर तीनदा आलं. वापर खोटा आहे असं मी म्हटलंच नव्हतं. शेवटी दोन-तृतीयांश सोडले. उरलेले नऊ हजारांच्या आसपास मी भावाच्या खात्यात टाकले, तो नको म्हणत असताना, आणि घरी येऊन त्याच्या बायकोला सांगितलं. पुढच्या महिन्यात माझा नंबर फॅमिली प्लॅनमधून काढून प्रीपेड केला.

परवा वरच्या मजल्यावरचे काका-काकू न्यू जर्सीला निघाले. काकूंच्या फोनमध्ये तीन सेटिंग्ज राहिली होती, ती केली. बिल कोण भरणार विचारलं तर काका म्हणाले, "मुलगा." मी म्हटलं, त्याला फोन लावा आणि माझ्यासमोर विचारा. लावला.