गावात बियाणे बँक कशी सुरू करावी

बियाणे बँक म्हणजे गावातलं बी जमवून राखायची आणि पेरायला उसनं द्यायची जागा. पण तिचं नाव काढलं की लोक आधी मडकी आणायला निघतात. आम्हीही तेच केलं. पंचवीस मडकी, गेरूने रंगवलेल्या फळ्या, उद्घाटनाचा नारळ, आणि आत बी जेमतेम चार जातींचं. मडकी सगळ्यात शेवटी लागतात. आधी शोधायचं ते हे, की कुणाच्या घरी काय शिल्लक आहे.

आधी घरं फिरा

ग्रामसभेत विचारून हाती काही लागत नाही. सभेत बोलतात पुरुष, आणि बी असतं बायकांच्या उतरंडीत नाहीतर फडक्याच्या पुरचुंडीत. संक्रांत ते होळी हे दिवस बरे. वाल-घेवड्याच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि बायकांना बोलायला थोडी फुरसत असते. ‘गावरान बी आहे का?’ असं विचारलं की ‘आता कुठलं आलंय’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी ‘तुमच्या सासूबाई कोणता वाल लावायच्या?’ असं विचारा. मग आजी उठून आत जातात.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरातूनच गावरान बियाणं जमवायला सुरुवात केली, पुढे ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या ‘बाएफ’ संस्थेची साथ मिळाली आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा शिक्षण आणि पैसा नाही म्हणून अडायचं कारण नाही.

बी घेताना वहीत लिहून घ्या: घरात त्याला काय नाव आहे, कुणाकडून आलं, किती दिवसांत येतं, कोरडवाहू चालतं का, डाळ लवकर शिजते का, भाजीला चव कशी. ही वही बियांइतकीच मोलाची आहे. नाव हरवलं की ‘पांढरा घेवडा’ एवढंच उरतं आणि गावात पांढरे घेवडे पाच असतात.

एक खबरदारी. दुकानातल्या संकरित वाणाचं बी ठेवून उपयोग नाही. पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. गावरान आणि सरळ वाणच घ्या, म्हणजे ज्याचं बी पेरलं की पुन्हा तसंच झाड येतं ते. कायद्याची भीती घालणारे भेटतात, पण २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला, देवाणघेवाण करायला आणि विकायलाही मुभा दिली आहे. या कायद्याखाली कुणाच्या नावावर नोंदलेल्या, म्हणजे संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकायचं नाही, एवढीच अट.

बी कोणत्या झाडाचं धरायचं

इथेच बहुतेक जण चुकतात. भाजी तोडून खायची आणि उरलंसुरलं बियाला सोडायचं, ही सवय मोडा. सुरुवातीलाच निरोगी, जोमदार झाडं हेरून त्यांना चिंधी बांधा. चिंधीच्या झाडाला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही. एकाच झाडावर भिस्त ठेवू नका, वाल-घेवड्याच्या निदान वीसेक झाडांचं बी एकत्र करा. मक्याचं परागीकरण वाऱ्यावर होतं, त्यामुळे दोन जाती शेजारी लावल्या तर शुद्ध बी विसराच. त्याला शंभरावर झाडं हवीत आणि दुसऱ्या मक्यापासून दोनशे मीटर तरी अंतर.

वांगं झाडावरच पिवळं पडेपर्यंत ठेवा, मग गर कुस्करून पाण्यात टाका. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून मग धुवा. दोडका, घोसाळं, दुधी वेलावरच वाळून खुळखुळायला हवा. ज्या वेलाची दुधी कडू निघाली, त्याचं बी धरू नका आणि ती भाजीही खाऊ नका. कडू दुधी विषारी असते.

वाळवण

पहिल्या वर्षी आम्ही वाल दोन दिवस उन्हात टाकून झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत भरला. दिवाळीनंतर झाकण उघडलं तर आंबूस वास आला, तळाला बुरशी, आणि उरलेल्या दाण्यांना भुंग्याने पाडलेली गोल भोकं. चूक बरणीची नव्हती. दाणे ओले होते.

सकाळच्या कोवळ्या उन्हात कापडावर चार-पाच दिवस वाळवा. पत्र्यावर आणि तापलेल्या स्लॅबवर नको, बी भाजतं. वाळलं की नाही हे ओळखायला दाणा दाताखाली धरा: कट्‌ असा फुटला तर ठीक, चेपला तर अजून ऊन द्या. शंका राहिली तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं बी आणि चांगलं वाळवलेलं मीठ टाकून हलवा. थोड्या वेळाने मीठ काचेला चिकटलं तर बियांत ओल आहे. हे मुठभर बी पुन्हा ढिगात टाकू नका.

मग चाळलेली कोरडी राख मिसळून मडक्यात भरा, तोंडाला फडकं बांधून शेणमातीने लिंपा. धान्यात बिब्बा टाकायची जुनी रीतही चालते, फक्त त्याचं तेल अंगावर उततं, म्हणून मुलांच्या हाती देऊ नका. मडकी जमिनीवर न ठेवता फळीवर, अंधाऱ्या गार कोपऱ्यात ठेवा.

उगवण तपासा

वाटपाच्या महिनाभर आधी प्रत्येक जातीचे शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि पाणी शिंपडत राहा. सातव्या दिवशी मोजा. सत्तरच्या पुढे कोंब आले तर निर्धास्त वाटा. पन्नाशीच्या खाली आले तर ती जात त्याच हंगामात लावून नवं बी धरायलाच हवं. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, ते दरवर्षी ताजं हवं. आम्ही हे काम शाळेतल्या मुलांना दिलं. मोजणीत मुलं मोठ्यांपेक्षा प्रामाणिक निघाली.

देणंघेणं

समिती, ठराव, शिक्का यांत फार अडकू नका. बचत गटातल्या तीन बायका आणि एक वही पुरते. नियम सोपा ठेवा: नेलं त्याच्या दुप्पट परत, तेही वाळवून, निवडून. अक्षय्य तृतीयेला वाटप ठेवलं तर आळी घालायच्या वेळेला बी हाती पडतं. एक जात किमान तीन घरांत जाईल असं पाहा, कारण एकाचा वेल शेळीने खाल्ला तरी दोघांचे राहतात. आणि प्रत्येकीला एकच पीक न देता वाल, दोडका, भोपळा, चवळी, माठ अशी मिसळ द्या, म्हणजे परसात पावसाळाभर आलटून पालटून भाजी निघते आणि बाजारातली मेथी महागली तरी मुलांच्या ताटात हिरवं काही पडतं.

काही जण परत देणार नाहीत. त्यांच्याशी भांडू नका. वहीत त्यांच्या नावापुढे जागा मोकळी ठेवा आणि पुढच्या वाटपाला वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. आमच्याकडे त्या मोकळ्या जागा वाचून झाल्या त्याच संध्याकाळी दोन पुरचुंड्या ओट्यावर येऊन पडल्या होत्या.