ग्रोइनभोवतीचे पाणी आणि गाळ कसा तपासावा

काठाची धूप थांबवण्यासाठी पात्रात आडवा घातलेला दगडी बांध, म्हणजे ग्रोइन, काठालगतचा जोरकस प्रवाह मध्याकडे लोटतो आणि आडोशाला गाळ धरतो. गोव्यातील मांडवी नदीच्या काठी एक गोष्ट विसरून चालत नाही: भरतीचा परिणाम वरच्या अंगाला गांजे गावापर्यंत जाणवतो आणि पावसाळा सोडला तर खालच्या पट्ट्यात प्रवाह साधारण सहा-सव्वासहा तासांनी उलटतो. ओहोटीत जी बाजू आडोशाची असते तीच भरतीत माऱ्यात येते, म्हणून पाहणी दोन्ही वेळी करावी.

प्रवाह पाहण्यासाठी शहाळे सोडावे. ते बहुतांश पाण्याखाली राहत असल्याने वाऱ्याने फारसे भरकटत नाही. काठावर २० मीटर अंतराने दोन बांबू रोवून त्यांच्यामधून जाण्यास लागणारा वेळ मोजावा. पृष्ठभागावरच्या वेगाच्या सुमारे ८५ टक्के हा सरासरी वेग धरतात. टोकाला वळसा घालून शहाळे मागे फिरले आणि काठालगत उलटे येऊ लागले, तर भोवरा तयार झाला असे समजावे. याच संथ पाण्यात चिकट गाळ बसतो. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटत असल्याने तो लवकर खाली उतरतो.

खरी कसोटी मात्र टोकाशी आहे. समोरून आदळलेले पाणी तळाकडे बुडी मारते आणि टोकाभोवती घोड्याच्या नालेसारखा भोवरा होऊन तेथील रेती उचलली जाते. पुराच्या दिवसांत हा खड्डा सर्वांत खोल असतो आणि पूर ओसरताच त्यात सैल गाळ भरतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये वजन बांधलेली दोरी सोडून घेतलेले माप फसवे ठरते. पाणी स्थिरावलेल्या घटकेला होडीतून लांब बांबू तळाशी टेकवून हळूहळू दाबावा. मऊ गाळ संपून कठीण तळ हाताला जाणवला की ती खोली नोंदवावी, आणि शेजारी दगडावर केलेल्या खुणेनुसार भरतीची पातळीही लिहून ठेवावी, अन्यथा दोन मापांची तुलना करता येत नाही.

खड्डा वाढत असेल तर टोकाशी सिमेंटने जखडलेले बांधकाम करू नये. सुटे, जड काळे दगड पसरावेत, कारण खड्डा खोलावत जातो तसे ते घसरून उतार झाकतात. सच्छिद्र, हलका चिरा (जांभा दगड) येथे टिकत नाही.

दोन ग्रोइनमधील अंतर लांबीच्या दोन ते अडीचपट ठेवण्याचा प्रघात आहे. अंतर फार वाढले तर प्रवाह पुन्हा काठाला भिडतो.

समोरच्या काठावरही बांबू ठोकून पावसाळ्यापूर्वी व नंतर अंतर मोजावे, कारण इकडून लोटलेले पाणी तिकडच्या खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधाला लागू शकते. जवळ मानस, म्हणजे खाजनात पाणी आत-बाहेर सोडणारे दार, असेल तर तेथील शेतकऱ्यांशी पहिला दगड टाकण्यापूर्वीच बोलावे.