मक्या-सोयातला फॉस्फरस कोंबडीच्या अंगी कसा लागेल

लातूरची सोयापेंड आणि शिवारातला मका, यावरच माझ्या अंड्याच्या कोंबड्या. पण त्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये, म्हणजे दाण्यात फॉस्फरस साठवणाऱ्या संयुगात, अडकलेला. कोंबडीला तो फारसा पचत नाही, विष्ठेतून जातो. म्हणून खाद्यात फायटेज घाला, म्हणजे फायटेट फोडून फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम. पुड्यावरचं प्रमाण मोजून आधी किलोभर भरड्यात कालवा, मग दहा किलोत, मग सगळ्या खाद्यात. एकदा मी ही पायरी गाळली, तेव्हा पावडर एकाच जागी साचली. पुडा पत्र्याखाली ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात एन्झाइम टिकत नाही.

फायटेज सुरू केलं की डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, खाद्यात फॉस्फरससाठी वरून घालतात ती पावडर) एकदम तोडू नका, थोडं थोडं कमी करा. पाय लुळे पडले की समजा, घाई झाली. बारीक चुनखडी जास्त झाली तरी फायटेज नीट चालत नाही. निम्मं कॅल्शियम जाड शिंपल्यातून, तेही संध्याकाळी द्या.