डब्यातला गॅसिफायर: तुराट्यांपासून गॅस करताना आच कशी सांभाळायची

तुराट्या चुलीत घातल्या की भसकन पेटतात आणि निम्मा धूर डोळ्यात जातो. तो धूर म्हणजे बऱ्यापैकी न जळलेलं इंधनच असतं, त्याला नीट जळायला लावायचं एवढंच काम आहे. ते करते ती चूल म्हणजे गॅसिफायर: आधी लाकूड तापवून त्यातून जळाऊ गॅस काढायचा, मग तो वेगळ्या हवेत जाळायचा. दोन पत्र्याचे डबे, खिळा, हातोडी, बास.

आतला डबा साधारण 10 सेंमी रुंद, 15 सेंमी उंच, बाहेरचा त्याहून 3-4 सेंमी मोठा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको, तापला की त्याचा धूर विषारी असतो. आतल्या डब्याच्या तळाला 4 मिमीची 12 भोकं पाडा आणि काठाखाली 2 सेंमीवर गोल फिरवत 6 मिमीची 20 भोकं. बाहेरच्या डब्याला बुडाजवळ चार-पाच मोठी भोकं, आतला डबा तीन खड्यांवर ठेवायचा आणि वरची फट पत्र्याच्या रिंगने झाकायची, नाहीतर गरम हवा वरच्या भोकांत शिरायच्या ऐवजी फटीतूनच पळते.

आता वाळवणं, आणि इथेच बहुतेकांचं बिघडतं. तुराटी मोडली की कडकन आवाज आला पाहिजे, नुसती वाकली तर परत उन्हात. एक किलो पाणी नुसतं उडवायला अडीच हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता जाते, म्हणजे गॅस करायची आच वाफ करण्यातच संपते, म्हणून ओल 15 टक्क्यांच्या आत हवी. 2-3 सेंमीचे तुकडे करून वरच्या भोकांच्या जरा खालपर्यंत भरा.

पेटवायचं वरून. हो, वरूनच. मी पहिल्यांदा सवयीने खालून पेटवलं आणि शेजारच्या काकू काय जळतंय म्हणून बघायला आल्या!! वरून पेटवलं की तापलेला थर हळूहळू खाली सरकतो, त्याच्याखालचं लाकूड आधी सुकतं, मग 200 अंशांच्या पुढे त्याचं विघटन व्हायला लागतं, साधारण 500 पर्यंत त्यातला बराचसा गॅस आणि डांबराची वाफ बाहेर पडते आणि मागे कोळसा राहतो. हा गॅस वरच्या निखाऱ्यांतून चढतो आणि वरच्या भोकांतल्या हवेला भेटला की पेटतो. भोकाभोकातून ज्योत निघताना दिसली की जमलं.

खरी गंमत तळातल्या भोकांत आहे, कारण आच तिथून ठरते. एकदा 6 भोकं बुजवून बघा, एकदा 12 वाढवून. हवा कमी असेल तर थर सावकाश सरकतो, तापमान कमी राहतं आणि कोळसा जास्त उरतो (कोळसाभट्टीत मुद्दाम मंद आच ठेवतात ती याचसाठी), पण फारच कमी झाली तर ज्योत विझते आणि नुसता पिवळट धूर येतो. हवा वाढवली की लाकूड झपाट्याने तापतं, गॅस जास्त, कोळसा कमी, पण पंख्याने धाडधाड फुंकलं तर गॅस डब्यातच जळून जातो आणि वर ज्योतीला काही उरत नाही. माझ्या मते सुरुवातीला 12 च बरी.

इंजिन चालवायच्या मोठ्या गॅसिफायरमध्ये एवढ्यावर भागत नाही. तिथे डांबर इंजिनात गेलं की व्हॉल्व्ह चिकटतात, म्हणून डांबराची वाफ हजार अंशांच्या आसपास तापलेल्या थरातून खेचून तिचे साधे वायू करतात. मग तापलेला कोळसा कार्बन डायऑक्साइड आणि वाफेपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बनवतो, पण त्यात उष्णता खर्च होते आणि तापमान 700 च्या खाली उतरलं की काम मंदावतं. एवढं करूनही त्या गॅसमध्ये निम्मा नायट्रोजनच असतो, हवेतून आलेला. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत उसाच्या पाचटावर असा गॅसिफायर चालवून बघितलाय. पाचट हलकं, त्यात राखही बरीच, आणि आच फार चढली तर राख वितळून तिचे खडे होतात, त्यामुळे तापमान वाढवत नेणं हाही उपाय नाही.

हे सगळं उघड्यावरच करा, घरात अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेवटी पिवळी ज्योत जाऊन छोटी निळी दिसायला लागली की लाकडातला गॅस संपला, आता कोळसा जळतोय. कोळसा हवा असेल तर लगेच सांडशीने डबा उचलून पाण्यात उपडा करा, पण तोंड लांब ठेवून, वाफ जोरात येते.